खांबावरचा पेलिकन

ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, बाबांना नाही — आणि ज्यांना सांगायलाच हवी होती त्या सुधाकाकांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही त्यांना ओळखत नाही म्हणून, बहुधा.

आमच्या पुण्याच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि जमिनीवर बसून आम्ही त्यांच्या घड्या घालायचो. बाबांनी माझं नावही तसंच ठेवलं — क्रांती. नव्वदनंतरची ती वर्षं. बाजार उघडत होता आणि आम्हाला प्रत्येक नव्या वेष्टनात कट दिसत होता. एका परदेशी शीतपेयाविरुद्धचं पत्रक मी लिहिलं होतं. भर चौकात त्याच्या बाटल्या या हातांनी गटारात ओतल्या होत्या. संशय घेणं ही माझी सवय नव्हती — मी ते कर्तव्य समजत होते.

अशी मी नंदामावशीकडे सिडनीला गेले, सुट्टीला. गिरावीन उपनगरात तिचं घर. सुधाकाका म्हणजे तिचे यजमान, इंजिनिअर. रोज सकाळी त्यांची हाक यायची — "क्रांती झाली का? मग चहा टाका!" त्यांना एकच नाद होता, गराज सेलचा — लोक घरातल्या जुन्या वस्तू दारात मांडून विकतात, त्याचा. कोपऱ्यावरच्या खांबाला पुठ्ठ्याचा बोर्ड दिसला की त्यांची गाडी आपोआप हळू व्हायची.

"अहो, पुढे चला," मावशी म्हणायची. "चांगली वस्तू कुणी अंगणात मांडून विकतं होय?"

पण तोवर काका उतरलेले असायचे. वस्तूपेक्षा त्यांना गप्पांचीच हौस जास्त, असं आता वाटतं.

मी गेले त्याच आठवड्यात केलीव्हिलच्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी जुना कॅमेरा घेतला. तो घर विकून क्वीन्सलँडला लेकीकडे निघाला होता. त्याने काकांना कॉफी पाजली, रीळ कसं भरायचं ते शिकवलं, वर चामडी पट्टा तसाच दिला. काका जेवताना सगळं रंगवून सांगत होते. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते — इतकं गोड कुणी उगाच वागतं का?

पुढच्या रविवारी आम्ही समुद्राकाठी गेलो, एन्ट्रन्स नावाच्या गावी. कागदात गुंडाळलेल्या गरम चिप्स, वर चिकन सॉल्ट नावाचं मीठ. मी हात आखडला.

"कोंबडी नसते गं त्यात," काका म्हणाले.

"मग नावात कशाला?"

"खा आधी," मावशी म्हणाली. "पत्रक नंतर काढ."

चिप्ससोबत एक थंडगार कॅन माझ्यापुढे आला. तेच पेय. कुणी आग्रह केला नाही — हे मुद्दाम सांगते. ऊन होतं, जीभ खारट झाली होती, आणि पुण्यातलं कुणीच तिथे नव्हतं. मी प्यायले. चव बघायला एक घोट नाही — डोळे मिटून, अख्खा कॅन. मला ते आवडलं. हे लिहिताना अजून हात अडतो.

तेवढ्यात आवाज आला — "क्रांती, हलू नकोस! शेवटचाच फोटो उरलाय!" आणि खटका वाजला. काका हसत होते. का हसत होते?

मला सगळं एका क्षणात दिसलं. हा फोटो बाबांना जाणार. कार्यालयात या हातातून त्या हातात फिरणार. शिबिरात मी बोलायला उभी राहिले की मागच्या रांगेत खसखस पिकणार. काका माझी थट्टा करायचेच ना? मग हा कॅन त्यांनी मुद्दामच आणला नसेल कशावरून?

काका हात धुवायला निघाले. कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "सांभाळ गं." लोक पेलिकन पक्ष्यांना मासे घालत होते ते मावशी बघत होती, तिची पाठ माझ्याकडे. मी कळ ओढली. मागचं झाकण उघडलं, रीळ उन्हाकडे धरलं — आणि झाकण परत लावून टाकलं. मी स्वतःला वाचवत नव्हते, चळवळीला वाचवत होते. असंच समजत होते.

फोटो धुऊन आले ते धुरकट, पांढरे पट्टे पडलेले. दुकानातली मुलगी म्हणाली, कॅमेऱ्यात कुठून तरी उजेड शिरतोय. "मी सांगत होते," मावशी म्हणाली. काका कॅमेरा उलटासुलटा करत राहिले.

"तेवढा पेलिकन तरी यायला हवा होता," ते म्हणाले. "क्रांतीच्या मागे दिव्याच्या खांबावर बसला होता बघ. अगदी न्यायाधीशासारखा."

माझ्या मागे? मी तर वळून पाहिलंच नव्हतं.

तेव्हा बोलता आलं असतं. मी बोललेही — पण काय बोलले? "काका, बाजार असाच असतो. हसतमुख विक्रेता आधी तुमचा विश्वास विकत घेतो." माझंच वाक्य, माझ्याच पत्रकातलं. त्यांनी मान हलवली. झाकण उघडलं ते भीतीने, हे मी कधीतरी मान्य केलं असतं. पण हे वाक्य मी शांतपणे बोलले.

ते तडक केलीव्हिलला निघाले, मीही बरोबर गेले. घराला कुलूप, खिडक्यांना पडदे नाहीत. "पळाला," काका म्हणाले. म्हातारा लेकीकडे जाणार होता, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. ते विसरले. मी विसरले नव्हते. कुणाला लबाड म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते, आणि आवाज तर माझाच वाटत होता.

पुण्याला परतल्यावर मी त्या कॅमेऱ्यावर लेखही लिहिला, स्वस्ताईच्या फसवणुकीचं उदाहरण म्हणून. वाहवा झाली. कधी कधी वाटतं, खांबावर खरंच पेलिकन होता का? की काकांनी नळाजवळून सगळं पाहिलं होतं, आणि मला सांभाळून घ्यायला त्यांनी तो तिथे बसवला? बघा — अजून मी त्यांच्यावरच संशय घेते आहे.

माझ्या परतीच्या आधीचा रविवार. आम्ही भाजी आणायला निघालो होतो. कोपऱ्यावर खांबाला पुठ्ठ्याचा बोर्ड होता, बाण काढलेला. मावशीनेच आधी पाहिला. "अहो, बोर्ड," ती हळूच म्हणाली.

काकांनी समोरून नजर काढली नाही. गाडी हळू झाली नाही. मागच्या सीटवरून मी वळून त्या बोर्डाकडे पाहत राहिले.