दोनदा उलटलेले आकडे

कॉम्प्युटरने दिलेलं पहिलं उत्तर पुन्हाताईंनी कधीही खरं मानलं नाही. उत्तर पडद्यावर आलं की त्या ते वहीत उतरवून घ्यायच्या, फाइल बंद करायच्या, खाली कॅन्टीनमध्ये अर्धा कप चहा पिऊन यायच्या आणि सगळं पहिल्यापासून परत करायच्या. तेच उत्तर आलं तरी चेहरा संशयीच. "मेल्या, खरा काय ता सांग," असं मशीनला मालवणीत दटावायच्या. आम्हा विद्यार्थ्यांना मात्र एवढंच म्हणायच्या, "पुन्हा बघू." दिवसातून वीस वेळा तरी. त्यावरून नाव पडलं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. हजेरीच्या कागदावर शिक्षकांच्या रकान्यात कुणीतरी वात्रटपणाने तेच नाव लिहून ठेवलं, तेव्हा त्यांनी शांतपणे त्यापुढे सही केली होती.

बारावीनंतर गणिताचं तोंड बघायचं नाही, म्हणून मी मानसशास्त्र घेतलं होतं. बी.ए.ची तीन वर्षं भीती, स्वप्नं, बालपण असल्या विषयांत मजेत गेली. एम.ए.ला मुलुंडच्या कॉलेजात आले आणि कळलं की इथे आकड्यांशिवाय पान हलत नाही. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी वर्गाच्या ताणाची सरासरी काढून दाखवली आणि बसायला निघाले. पुन्हाताई म्हणाल्या, "सरासरी सांगून पळू नकोस. तिच्यापासून कोण किती लांब उभं आहे, ते सांग." मग तासभर मी तेच केलं. घाटकोपरला घरी गेल्यावर आईला म्हटलं, ही बाई मला नापास करणार. तिने केलं नाही. दोन वर्षांत तिने मला आकड्यांची गोडी लावली, हा त्याहून मोठा चमत्कार.

एका गोष्टीचा दुसरीवर परिणाम होतो तो मधल्या कुठल्या तिसरीतून, हे शोधण्याचे पुढचे सगळे प्रकार मी त्यांच्याकडून शिकले. पुस्तकं जे चाळीस पानांत सांगायची ते त्या फळ्यावर तीन गोल आणि चार बाण काढून सांगायच्या. एखाद्या मुलीचं उत्तर पॉइंट झिरो फाइव्हच्या आत आलं, म्हणजे फरक नुसता योगायोगाचा नाही असं ठरलं, आणि ती नाचायला लागली, की म्हणायच्या, "कॉम्प्युटरला काय गं, तू कचरा दिलास तर तो कचऱ्याचीही सरासरी काढून देईल." त्या मुलीचा पडलेला चेहरा बघून मग त्याच तिला चहा पाजायच्या.

इतकं सगळं येणारी ही बाई कॉलेजात बारा वर्षं तासिका तत्त्वावर होती. म्हणजे घेतलेल्या तासापुरती शिक्षक, मे महिन्यात कुणीच नाही. विभागातली एक कायम जागा निवृत्तीमुळे रिकामी होणार होती आणि ती पुन्हाताईंना मिळावी असं शिपायापासून सगळ्यांना वाटत होतं. अडत होतं पीएच.डी.वर. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसरी वाढ कुणालाच मिळत नसे. वय पंचेचाळीसला टेकलेलं. ही जागा गेली तर दुसरी येणार नाही, हे त्यांनाही कळत होतं.

उशीर व्हायला कारण होतं. त्यांची आई भांडुपच्या घरात पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि करणाऱ्या त्या एकट्याच. आई गेल्यावर त्यांनी विषय घेतला तोच मुळी घरात आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांच्या थकव्याचा. मुलुंडमध्ये अशा बायकांना गोळा करून त्यांनी दर बुधवारी दुपारी एका सोसायटीच्या हॉलमध्ये बसायला सुरुवात केली होती. भाषण नाही, हळदीकुंकू नाही, नुसतं बसायचं आणि बोलायचं. या बायका, आणि दहिसर-बोरिवलीकडच्या असं कुठेही न जाणाऱ्या बायका, यांची तुलना करायची होती. भेटण्या-बोलण्याने थकवा उतरतो का, एवढाच प्रश्न. उत्तर हो यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं; पाच वर्षांत त्यांच्याशी कुणी बोलायला आलं नव्हतं.

फॉर्म भरून घ्यायला त्या घरोघर स्वतः जायच्या, दुपारी दोन ते चारच्या मध्ये, आजारी माणूस झोपलेलं असताना. प्रत्येक फॉर्मच्या खाली त्यांनी हाताने एक ओळ लिहिली होती : उत्तर काय आलं ते मी येऊन सांगीन. आमचे मार्गदर्शक सर यावर हसायचे. तीनशेच्या वर घरं, कुणाकुणाच्या दारात जाणार? ताई म्हणायच्या, "सर, मी त्यांची दुपार घेतली आहे."

मीही त्याच सरांकडे पीएच.डी.ला नाव घातलं होतं. ताई मला शिकवत होत्या, त्या बदल्यात मी त्यांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला घेतले. मुलुंडचे मी, बाकीचे त्या. फॉर्ममध्ये तीस प्रश्न, एक ते पाच गुण. बहुतेक प्रश्न थकव्याचे, पण आठ प्रश्न मुद्दाम उलट अर्थाचे : 'रात्री मला शांत झोप लागते,' अशासारखे. त्या आठांचे आकडे नंतर उलटवावे लागतात. पाचाचा एक, चाराचे दोन. नाहीतर शांत झोपणारी बाई थकलेली ठरते आणि रात्रभर जागणारी ताजीतवानी.

मी हुशारी केली. ताईंचं एक काम वाचेल म्हणून मुलुंडचे फॉर्म भरता भरताच ते आठ आकडे उलटवून टाकले. त्यांना सांगायचं राहून गेलं. त्यांनी पुढे नियमाप्रमाणे सगळी फाइल एकदम उलटवली. म्हणजे माझे आकडे दोनदा उलटले, होते तसेच झाले. जगातलं सगळं पुन्हा तपासणाऱ्या या बाईने माझे आकडे तेवढे मूळ कागदांशी ताडून पाहिले नाहीत, कारण ते मी भरले होते.

उत्तर सुरेख आलं. बुधवारी भेटणाऱ्या बायकांचा थकवा ठळकपणे कमी. ताईंनी चार वेळा विश्लेषण केलं, चार वेळा चहा प्यायल्या, आणि पाचव्यांदा मशीनला दटावायचं सोडून माझ्याकडे बघून हसल्या. दुसऱ्या दिवशी विभागात मालवणी खाजं वाटलं. त्यावरचा लेख एका नियतकालिकात छापून आला. तेव्हा छापील लेखाशिवाय प्रबंध दाखल करता येत नसे, तोही अडसर गेला. मुदत संपायला पाच महिने होते. शिपाई त्यांना आत्तापासूनच डॉक्टरबाई म्हणायला लागला होता.

मग एका बुधवारी मुलुंडच्या बैठकीत एक बाई बोलता बोलता म्हणाली की तिची सासू रात्री दर तासाला हाक मारते, सलग झोप म्हणजे काय हे ती तीन वर्षांत विसरली आहे. ताईंनी येऊन सहज तिची ओळ उघडली. आमच्या फाइलमध्ये ती बाई गाढ झोपत होती. त्यांनी कपाटातून तिचा कागद काढला. मग दुसरीचा, मग तिसरीचा. शनिवार-रविवार त्या कॉलेजात बसल्या आणि मुलुंडचा प्रत्येक कागद फाइलशी ताडून पाहिला.

सोमवारी त्यांनी मला विचारलं, "मुलुंडचे फॉर्म भरताना तू ते आठ आकडे उलटवले होतेस का गं?"

मी म्हटलं, "आठवत नाही, ताई."

मला लख्ख आठवत होतं. पण माझ्या पीएच.डी.चा आराखडा त्याच आठवड्यात सरांच्या टेबलावर जायचा होता, आणि मी घाबरले. याहून मोठं कारण नव्हतं. आजवर मी ते अनेक तऱ्हांनी सजवून पाहिलं, पण ते तेवढंच आहे. ताईंनी मान हलवली आणि त्या कॅन्टीनला गेल्या.

दुरुस्त फाइलचं उत्तर आलं तेव्हा मी शेजारीच होते. फरक नव्हता. मुलुंडच्या बायका तितक्याच थकलेल्या होत्या जितक्या दहिसरच्या. त्यांनी पुन्हा केलं, तेच. वयानुसार गट पाडून पाहिलं, आजाराच्या वर्षांनुसार पाहिलं, तेच. त्या दिवशी त्या मशीनला काहीच बोलल्या नाहीत.

सरांनी दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना ताईंची जागा दिसत होती. ते म्हणाले, आहे तसं दाखल करा, परीक्षक काही मूळ फाइल मागत नाहीत.

ताई म्हणाल्या, "परीक्षक नाही मागणार, सर. पण मी बघितली ना."

मग सरांनी विचारलं, ही चूक केली कुणी? ताई म्हणाल्या, माझी. फाइल माझी, सही माझी. मी त्याच खोलीत, माझ्या आराखड्याची पानं लावत बसले होते. मान वर केली नाही.

लेख मागे घेण्याचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. लेख गेला म्हणजे प्रबंध दाखल करण्याचा हक्क गेला. नव्या उत्तरावर नवा लेख त्यांनी महिन्याभरात लिहिला, पण फरक आढळला नाही असं सांगणारा लेख छापायची कुणाला घाई? तीन ठिकाणांहून परत आला. मुदतवाढीचा अर्ज एका ओळीच्या उत्तरासह फेटाळला गेला. पाच महिने म्हणता म्हणता संपले आणि बारा वर्षं रांगेत उभी राहिलेली बाई रांगेतूनच बाहेर पडली.

त्यानंतर त्यांनी काय करावं? पिशवीत यादी घेऊन त्या घरोघर उत्तर सांगत हिंडल्या. मुलुंडला एका दुपारी मी बरोबर गेले. बहुधा शिक्षा म्हणून मीच मागून घेतलं असावं. झोप विसरलेल्या त्याच बाईंचं घर. ताईंनी त्यांना समजेल असं सगळं सांगितलं, आधी चुकून काय आलं आणि खरं काय आहे ते. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आम्ही बुधवारी भेटतो त्याचा काहीच उपयोग नाही?"

"मला तरी दिसला नाही," ताई म्हणाल्या.

आतून सासूची हाक आली. बाई उठता उठता म्हणाल्या, "मग ताई, बुधवारचा तेवढा वेळ मी झोपूनच काढते ना."

त्या बाईंचं तरी काय चुकलं? दोन महिन्यांत बैठक बंद पडली. हॉलची किल्ली ताईंनी सोसायटीच्या ऑफिसात परत केली. त्या दिवशी रस्त्याने चालताना मी कसंबसं म्हटलं, की आकड्यांत दिसत नाही म्हणजे काहीच नाही असं थोडंच आहे? त्या थांबल्या. म्हणाल्या, "उत्तर हो आलं असतं तर तू असं म्हणाली असतीस का?" त्यांनी मला शिकवलेलंच त्या मला विचारत होत्या.

पुढची गोष्ट लिहायला हात जड होतो. जागेची जाहिरात तीन वर्षं उशिरा निघाली. तोवर माझी पीएच.डी. झाली होती, आणि विश्लेषणाच्या प्रकरणात एकही खोट परीक्षकांना सापडली नव्हती; कशी सापडणार, ते शिकवलं कुणी होतं? जागा मला मिळाली. मी अर्ज करायला नको होता, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि मी अर्ज केला. कायम शिक्षक आला की तासिकेवरच्या शिक्षकाची गरज संपते. जूनमध्ये ताईंचे तास माझ्या नावावर आले.

कपाट माझ्या ताब्यात द्यायला त्या आल्या. प्रॅक्टिकलच्या वह्या, जुने पेपर, फॉर्मचे गठ्ठे, सगळ्यावर चिठ्ठ्या लावलेल्या. मला एकेक दाखवत होत्या, अगदी पहिल्या वर्षीच्या विद्यार्थिनीला दाखवावं तसं. शेवटचा गठ्ठा मुलुंडचा होता. मला पुढे राहवेना. मी म्हटलं, "ताई, मला आठवत होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या अक्षरात कागदांवर पेन्सिलीचे आकडे आहेत. पाचाच्या शेजारी एक, चाराच्या शेजारी दोन."

"मग सरांना सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? माझी मुदत वाढली नसती. तुझीही वाट लागली असती, एवढंच."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी दिलं, पण जवळ घेतलं नाही. मी म्हटलं, मला माफ करा. त्यांनी विचार केला; आयुष्यभर प्रत्येक उत्तर देण्याआधी करायच्या तसाच.

"केलं म्हणायला हवं," त्या म्हणाल्या. "पण तसं वाटत नाही गं मला. उगाच कशाला म्हणू? वाटलं तर फोन करीन."

कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन त्या गेल्या. भांडुपचं घर त्यांनी पुढे विकलं, एवढं कुणाकडून तरी कळलं. कुठे असतात ते विभागात कुणालाच माहीत नाही, आणि नव्या मुलींना तर असं कुणी होतं हेही माहीत नाही. पुन्हाताई न वाटणारी गोष्ट कधी बोलल्या नाहीत, हे मला सगळ्यांत चांगलं माहीत आहे. या जूनला चार वर्षं होतील. फोन आलेला नाही.