मिरजगावच्या भट्टीवर मोडलेली सुरी

माझ्या हातच्या चार सुऱ्या मोडल्यावर पाचवी म्यानात घालून मी मिरजगावला निघालो. मी बँकेत नोकरी करतो. सुऱ्या करणं हा रविवारचा छंद. तिथले लोहार लक्ष्मणमामा ऊसतोडीचे कोयते करतात आणि ते टिकतात, असं ऐकलं होतं. बायको, शुभा, गाडीत बसता बसता म्हणाली, "मी नुसती बघायला येतेय. मला राबवायचं नाही."

पुण्याहून सहाला निघालो. सुप्याला मिसळ खाल्ली (तिखट असते, दही मागून घ्या) आणि नगर ओलांडून सोलापूर रस्त्याला लागलो. रमतगमत चार तास लागले.

भट्टी बाजाराच्या मागे, पत्र्याखाली, अंधारी. मामांनी आधी मी शिवलेलं चामड्याचं म्यान उलटसुलट पाहिलं. "शिवण झ्याक हाय," म्हणाले. मी फुललो. मग त्यांनी सुरी ऐरणीवर हलकेच वाजवून कान दिला.

"तडा हाय."

पुढच्या टोल्याला दोन तुकडे. माझे दोन महिने. शुभा दुसरीकडे बघून हसत होती.

"कशाची केली?" मामांनी विचारलं.

"ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची. तापवून पाण्यात बुडवली."

"ह्याला तेल लागतं, सायेब. आन् तापवली कुठं?"

"गॅलरीत. दुपारी."

मामांच्या बायको कौसाबाई घण टेकवून म्हणाल्या, "उन्हात लोखंडाची लाली कशी दिसंल?" भट्टीवर एवढा अंधार का, ते तेव्हा कळलं.

पाट्याचा नवा तुकडा तापला. घण माझ्या हातात आला. दोन घाव घातले, दोन्ही नुसत्या ऐरणीवर. कौसाबाईंनी घण काढून घेऊन शुभाला दिला. "तुमी बघा, ताई." शुभानं ओढणी कमरेला बांधली आणि मामा हातोडीनं दाखवतील तिथंच घाव घातले. पातं घडलं. पुन्हा लाल होऊन तेलात गेलं. मामांनी ते बाहेर काढून वाजवलं. आवाज स्वच्छ आला. मग निखाऱ्याच्या कडेला धरून जरा नरम केलं.

"आता न्हाई मोडायची," मामा म्हणाले, शुभाकडे बघून.

परतीच्या वाटेवर तिचे हात दुखत होते, तरी पातं तिच्याच मांडीवर. घरी मी मूठ बसवली, तिनं टोमॅटो कापला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठून आणली?"

"मी केली," शुभा म्हणाली.

'आम्ही' म्हणायला हवं होतं, असं वाटलं. पण माझे दोन घाव आठवले. गुपचूप तिच्या सुरीचं माप घेतलं आणि नवं म्यान शिवायला बसलो.