बुधवारची सतरंजी

बुधवारी संध्याकाळी मी प्रार्थनेसाठी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायचे. माझ्या एकटीला एक खुर्ची पुरे होती, पण सतरंजीच, आणि तीही पूर्ण उलगडून. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमधली ही प्रार्थना माझ्या लग्नाआधीपासूनची. यजमान इथल्या सरकारी फॅक्टरीत होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला ऑफिसात नोकरी मिळाली, त्यामुळे क्वार्टर राहिलं आणि बुधवारही राहिला.

एके काळी घर भरायचं. दक्षिणेकडून नोकरीला आलेली ख्रिस्ती कुटुंबं, थोडी इकडची. आमच्यात वाचन गोलात बसून आळीपाळीने होतं. एकाने एक वचन वाचायचं, पुढचं शेजारच्याने, कोणी मराठीत, कोणी आपल्या भाषेत. माझी बारी येईपर्यंत मला गॅसवरचा चहा बघून यायला वेळ मिळे. मग एकेक जण रिटायर होऊन गावी जायला लागला. स्टेशनवर हार, रडारड, आणि पुढच्या बुधवारी माझी बारी जरा लवकर यायची. शेवटी उरलेल्या बाईही गेल्या त्या आठवड्यापासून सगळी वचनं माझीच झाली.

सवय मात्र मोडेना. मी एक वचन मोठ्याने वाचायचे आणि थांबायचे, पुढचं कोणाचं तरी असल्यासारखं. मग भानावर येऊन तेही वाचायचे. वाचन एक वेळ निभायचं. जड जायची ती प्रार्थना. स्वतःच मागायचं आणि स्वतःच आमेन म्हणायचं, म्हणजे आपलीच पाठ आपण थोपटायची. हात पोचत नाही. रविवारी भंडाऱ्याच्या चर्चमध्ये उपासनेला जाते, तिथे माणसं आहेत, पण उपासना संपली की जो तो घरच्या घाईत. बोलायचं राहून जातं.

भिंतीपलीकडे फॅक्टरीच्या दवाखान्यातली नर्स राहते, नवरा आणि म्हाताऱ्या आईसोबत. कुटुंब बौद्ध. पौर्णिमेला त्यांच्याकडे वंदना होते आणि शेवटी, आमच्या आमेनच्या जागी, सगळे मिळून तीनदा ‘साधू’ म्हणतात. भिंतीतून ते स्वच्छ ऐकू येतं. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. त्यांच्याकडे म्हणणारे तरी होते.

मी देवाकडे एकच मागत होते, एक माणूस पाठव. फार नाही. माझ्या प्रार्थनेनंतर आमेन म्हणेल एवढं. त्यावरून मी देवाशी भांडलेसुद्धा. सगळ्यांची बदली, सगळ्यांची पेन्शन तूच बघतोस, मग माझ्या वाट्याला एक माणूस का नाही?

यंदा धानकापणीच्या सुमारास एका संध्याकाळी नर्स दारात आली.

“काकू, आता दर बुधवारी मले दुपारपासून रातवरची ड्युटी लागली. यांचीबी तेव्हाच असते. मायले दिसत नाही, एकटी सोडाचं भेव वाटते. संध्याकाळी बसता का तिच्यापाशी?”

“उद्या सांगते,” म्हणून मी दार लावलं.

बुधवारच! दुसरा वार सापडला नाही हिला. मी माणूस मागितलं होतं ते माझ्या सतरंजीवर यायला, आणि इथं मलाच उठून जायचं होतं. त्याच वेळी कोणी आलं तर? कुलूप बघून परत जाईल. कित्येक बुधवारांत कोणी आलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण मनाला कोण समजावणार?

सकाळी रोजच्या अभ्यासाला बसले. आमच्या शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, प्रेमाविषयीचं एक पत्र मी तेव्हा हळूहळू, अर्थ लावत वाचत होते. त्या दिवशीच्या भागाचं सांगणं असं, की समोर दिसणाऱ्या माणसावर प्रेम करता येत नसेल, तर न दिसणाऱ्या देवावरच्या प्रेमाच्या गोष्टी करू नका. मी पुस्तक मिटलं. इतकं तोंडावर सांगायची काही गरज नव्हती. हेच वचन मी पूर्वी सतरंजीवर बसून लोकांना समजावून दिलं होतं. चहा-चिवड्याबरोबर फार सोपं वाटलं होतं.

नर्सला हो म्हणून आले. मग सतरंजी गुंडाळून कपाटावर टाकली आणि रडले. यजमान गेल्यानंतर घर दुसऱ्यांदा रिकामं झालं असं वाटलं.

बुधवारी गेले. म्हातारी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. सारा जन्म दिघोरीला धानाच्या चिखलात रोवणी करण्यात गेलेला, आता दोन्ही डोळे गेलेले. मी चहा करून दिला. थोडं बोलणं झालं, ते लगेच संपलं. माझी वाचायची वेळ झाली तशी ती चुळबुळ करायला लागली.

“आज नाही वाचत?”

“तुम्हाला ऐकू येतं?”

“समदं आयकू येते. डोरे गेले, कान नाही गेले. तू एक वाचते अन् थांबते. काहून थांबते वो?”

मी सांगितलं, पुढचं वचन दुसऱ्याने वाचायचं असतं, म्हणून. आता दुसरं कोणी नाही.

“मंग तिथं माहा लंबर लाव. मले वाचता येत नाही, माह्या वाटचं तूच वाच.” आणि बोट उगारून, “पण मी काही तुमच्या धरमात येत नाही, हो. आमचं आमच्यापाशी.”

“मी तुम्हाला न्यायला आलेच नाही,” मी म्हटलं, जरा फणकाऱ्यानेच.

“बरं मंग. जाय, आन.”

घरून शास्त्र आणलं. एक वचन माझं, एक तिचं. तिचं आलं की मी थांबायचे, ती “हं” म्हणायची, मग मी वाचायचे. संपल्यावर विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का?

“कर ना. माह्या टोंगळ्यासाठीबी कर.”

केली. तिच्या गुडघ्यांसाठी, लेकीच्या ड्युटीसाठी, आणि मोठ्याने म्हणायला लाज वाटत होती तरी माझ्या एकटेपणासाठीही. बोलणं संपलं, आणि सवयीने मी थांबले.

म्हातारीने हात जोडले. “साधू, साधू, साधू.”

माझं आमेन त्या दिवशी राहूनच गेलं.