बयाबाईची हाळी

वलवणच्या मागं धरणाचं पाणी डोंगराच्या घड्यांमध्ये शिरत शिरत जातं. जिथं त्याला पुढं वाट उरत नाही, तिथं वरच्या अंगाला करंजटेप नावाची सतरा घरांची वाडी आहे. पाण्यावरून बघावं तर समोरचा वलवणचा काठ हात लांबवला की लागेल असा वाटतो. कच्च्या रस्त्यानं वळसा घालून जावं तर अर्धा दिवस त्यातच जातो.

बयाबाई लग्न होऊन इथं आली तेव्हा तो रस्ताही नव्हता. होडी होती, पण ती पलीकडच्या काठाला, कादरभाऊची. वाडीत कुणाला ताप चढला, एखादी बाळंतीण अडली, की काठावर जाऊन हाळी द्यायची आणि होडी बोलवायची. हे काम तिच्या सासऱ्याचं. एका हिवाळ्यात सासऱ्याचा घसा बसला तो पुन्हा उठलाच नाही, आणि हाळी सुनेकडं आली. डोक्यावरचा पदर न ढळू देता ही एवढ्या मोठ्यानं ओरडते म्हणून बायका पहिले चार दिवस हसल्या. पुढं ज्या घरात अडचण आली ते घर हसायचं थांबलं. अशी एकेक करून सगळी घरं थांबली.

हाळी म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. तिला रीत होती. आधी फक्त नाव घ्यायचं, ‘वलवणच्या कादरभाऊ होऽऽ’, आणि गप्प राहायचं. पलीकडून ‘ओऽऽ’ आल्याशिवाय पुढचं अक्षर काढायचं नाही. ऐकणारा उभाच नसेल तर बोल पाण्यात गेले. ओ आली की आपण कोण ते सांगायचं, मग बोल किती आहेत ते सांगायचं. तीन म्हणजे तीन. मग एकेक बोल सुटा सोडायचा आणि दर बोलामागं थांबायचं. कादरभाऊ तो जसाच्या तसा परत म्हणायचा. चुकीचा म्हणाला, किंवा काहीच म्हणाला नाही, तर तोच बोल पुन्हा. तिन्ही पोचले की दोघांनी ‘व्हयऽऽ’ म्हणायचं, आणि मग पाणी आपलं पाण्यासारखं पडून राहायचं.

अशी पंचवीस वर्षं गेली. तेवढ्या काळात बयाबाईनं कादरभाऊला समोरासमोर पाहिलं ते मोजून तीनदा. तरी खोकला झाला की तिला इकडं कळायचं, आणि ती रागावलेली असली की त्याला तिकडं. पुढं रस्ता झाला, मोबाईल आले, होडी काठावर पालथी पडली. कादरभाऊ गेला त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

मोबाईल आले खरे, पण करंजटेपाला डोंगराची आड होती. फोन धरून अख्खी वाडी टेकाडावर चढायची. मग दोन वर्षांमागं कादरभाऊचा नातू हमदान आला. लोणावळ्यात घरोघरी इंटरनेट पोचवायचा त्याचा छोटा धंदा होता. त्यानं वलवणच्या काठावरच्या आपल्या घरावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बारीक लोखंडी टॉवर उभा केला, त्यावर एक गोल तबकडी बसवली, आणि तिच्या समोरासमोर दुसरी तबकडी करंजटेपाच्या काठावर, टोकाच्या शिळेवर. त्याहून पुढं आलेली, मोकळी जागा वाडीत नव्हती. तिथून वायरी घरोघर गेल्या.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्या वायरीनं बयाबाईच्या घरात एक नोकरी आली. सून सारिका बारावी शिकलेली, बोलायला गोड. लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या खोल्या फोनवर नोंदवायचं काम तिला मिळालं. माजघरात कानाला यंत्र लावून ती बसायची आणि नाशिकच्या, सुरतेच्या लोकांशी बोलायची. मुलगा सत्यम आठवडाभर बेगडेवाडीला कारखान्यात, शनिवारी घरी. नात पिंकी दुसरीत. उन्हाळा असा गेला की बयाबाईला वाटलं, आपण झोपेत आहोत आणि कुणी उठवू नये.

पाऊस आला, धरण भरलं, आणि सारिकाचे फोन तुटू लागले. बोलता बोलता समोरचा माणूस खोल विहिरीत गेल्यासारखा व्हायचा, मग नाहीसाच. हमदान म्हणाला पावसामुळं असेल. पाऊस सरला तेव्हा म्हणाला धुक्यामुळं असेल. त्यानं वायर बदलली, इंटरनेटचा डबा बदलला, तबकडीसुद्धा नवी आणली. हॉटेलवाल्यानं सारिकाला सांगून टाकलं, या महिन्यात सुधारलं तर ठीक, नाहीतर लोणावळ्याला काउंटरवर येऊन बसा. करंजटेपाहून रोज लोणावळा होणं नाही. म्हणजे सगळ्यांनी बेगडेवाडीला जायचं, तिथून सारिकानं लोकलनं लोणावळा गाठायचा, आणि घराला कुलूप लावायचं.

हमदान पुन्हा तबकडी तपासायला आला तेव्हा बयाबाईनं त्याला चहा दिला आणि विचारलं, ह्या तबकड्या एकमेकींशी बोलतात तरी कशा. हमदान थकलेला होता, पण आजोबांच्या ओळखीची म्हातारी, म्हणून त्यानं नीट सांगितलं. बोलणं अख्खं जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर लिहिलेलं असतं, कुठून निघाला, कुठं जायचा, आणि कितवा. वाडीतल्या प्रत्येक फोनला त्यासाठी आपला आपला नंबर असतो, एकाचा तुकडा दुसऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणून. आधी इकडून विचारतात, आहेस का. तिकडून येतं, आहे. मग इकडून, बरं, सोडतो. तुकडा पोचला की पोच येते, नाही आली की तोच परत पाठवायचा.

बयाबाई चहा फुंकत ऐकत होती. “मग आमी काय येगळं करत हुतो?” ती म्हणाली.

हमदान हसला. “तुम्ही एकच बोल सोडायचा मावशी. इथं एका सेकंदात हजारो जातात.”

“पोच येत आसंल तर मग सारिकाचं का तुटतंय?”

त्यानं तेही सांगितलं. फोनवरून पाठवलेल्या चिठ्ठीचा तुकडा उशिरा पोचला तरी चालतो, जागेवर नेऊन बसवता येतो. जिवंत बोलण्यातला तुकडा उशिरा आला तर त्याचं करायचं काय, बोलणारा तर पुढं गेलेला. तो टाकूनच द्यावा लागतो. फार तुकडे गळाले की बोलणं मरतं. आणि ते का गळतात, तेच त्याला सापडत नव्हतं.

त्या दिवसापासून बयाबाई पाण्याकडं बघत बसू लागली. सकाळी शेण-केर आटोपला की ओट्यावर. माजघरातून सारिकाचा आवाज यायचा आणि समोर पाणी. असे सात-आठ दिवस गेले. वाडीला वाटलं, म्हातारी घर सुटायच्या दुःखानं खुळी झाली. ती मात्र जुळवत होती. वारा सुटून पाण्यावर काटा उभा राहिला की सारिका अर्धा अर्धा तास बोलायची. एकदा तर भर पावसाची सर येऊन गेली आणि फोन तुटला नाही. आणि वारा पडून पाणी आरशासारखं झालं, डोंगर त्यात उलटे उतरले, की सारिका “हॅलो, हॅलो” करत उठायची. सगळे पावसाला, धुक्याला दोष देत होते, आणि दगा देत होती ती शांतता.

तिला आपले दिवस आठवले. अशाच निवांत पाण्यावर टोकाच्या शिळेवरून हाळी दिली की आवाज फाटायचा. एक सरळ जायचा, एक पाण्यावरून उड्या मारत जायचा, आणि कादरभाऊ म्हणायचा, दोघी एकदम बोलू नका. सासऱ्यानं तिला तेव्हाच शिकवलं होतं. पाणी निजलं आसंल तर फुडं जायाचं न्हाई, मागं यायाचं.

शनिवारी सत्यम आला तो खोली बघूनच. तिसरा मजला, पण स्टेशन जवळ, पिंकीची शाळा समोर. सारिका रात्रीच्या भाकरीचं पीठ मळता मळता नुसती ऐकत होती. निम्मी भांडी बोचक्यात गेली होती. बयाबाईनं सत्यमला सांगितलं, हमदानला उद्या उजाडायच्या आत बोलव, तबकडी चुकीच्या जागी हाय.

“आई, त्यो शिकलेला माणूस,” सत्यम म्हणाला. “त्याला सापडंना, आन् तुला ओट्यावर बसून सापडलं व्हय?”

“शिकलाय म्हून तर सांगितल्यावर त्याला कळंल. तुला सांगून काय उपेग?”

सारिका पिठातला हात न काढता हसली. फोन तिनंच लावला.

रात्रीच निघालेला हमदान पोचला तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. वारा अजिबात नव्हता. बयाबाई त्याला टोकाच्या शिळेवर घेऊन गेली आणि तबकडीशेजारी उकिडवं बसून समोर बघायला सांगितलं. काय दिसतंय, विचारलं. तो म्हणाला, आमचा टॉवर.

“किती?”

हमदान उत्तर द्यायला निघाला आणि थांबला. वलवणच्या काठावर त्याचा लाल-पांढरा टॉवर उभा होता. त्याच्याच पायाखाली, पाण्यात, दुसरा टॉवर उलटा लोंबत होता. तितकाच स्वच्छ, पट्टी न् पट्टी मोजावी असा.

बयाबाई वळली आणि वाडीच्या बाजूला चालू लागली. पंचवीस-तीस पावलांवर एक उंबर आहे, आणि त्याच्यापुढं जमिनीची पाठ जराशी वर आलेली. उंबराच्या मुळाशी तिनं त्याला तसंच बसवलं. आता काठाचा उंचवटा मधे आला होता आणि पाणी दिसतच नव्हतं. त्या उंचवट्यावरून पलीकडचा टॉवर दिसत होता, बुडखा सोडून सगळा. एकच.

“सांत पान्याच्या दिवशी मी हितनं हाळी द्यायची,” ती म्हणाली. “तुजा आजा म्हणायचा, आता येकच बया बोलतीय.”

हमदान तिच्याशी बोलल्यासारखा पण स्वतःलाच सांगू लागला. एकच तुकडा दोन वाटांनी पोचत होता, एक सरळ, एक पाण्याला धडकून. मागून आलेला पुढच्याला खोडत होता. उन्हाळ्यात काठाला नुसता चिखल आणि गवत होतं, म्हणून दुसरी वाटच नव्हती. वारा सुटला की लाटा ती वाट मोडून टाकत होत्या. आणि आपण नुसतं नवं सामान आणत बसलो. पुढं आणि मोकळं ते चांगलं, एवढंच शिकलो होतो, असं तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात लाज होती तशी गंमतही होती.

खांब उपटायला सत्यम आणि वाडीतला पप्पू असे दोघं लागले. उंबराजवळ खड्डा घेतला, दगड ठासले, खांब उभा राहिला. हमदान वर चढून तबकडी केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवत होता. पलीकडून त्याचा माणूस वॉकीटॉकीवर सिग्नलचे आकडे सांगत होता, आणि हमदान तेच आकडे परत म्हणत होता. खाली उभी राहून बयाबाई ऐकत होती. तिला ते आकडे कळत नव्हते. पण दर आकड्यामागची ती थांबायची जागा तिला कळत होती.

सोमवारी सकाळी पाणी पुन्हा निजलेलं होतं. सारा डोंगर त्यात उतरला होता, पक्षी वर उडत होते की खाली ते सांगता येत नव्हतं. सत्यम कामावर न जाता दारातच रेंगाळत होता. सारिकानं कानाला यंत्र लावलं. सुरतेचे कुणी गृहस्थ होते, नऊ माणसं, दोन दिवस, लहान पोरं बरोबर. त्यांना सगळंच विचारायचं होतं. पाळणा मिळेल का, जेवणात कांदा-लसूण नको, खिडकी कुठल्या बाजूला. सारिका बोलत राहिली. तिचा आवाज कुठं चढला नाही, कुठं अडखळला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. त्या गृहस्थांची बायको फोनवर आली आणि तिनं सगळं पहिल्यापासून विचारलं. सारिकानं तिलाही सगळं पहिल्यापासून सांगितलं.

फोन संपला. सत्यमनं खिशातून मोबाईल काढला आणि खोलीवाल्याला कळवलं की आता खोली नको, तुम्ही दुसऱ्याला द्या. मग तो चपला घालून कामावर निघाला. सारिका उठली. तिनं माजघरातलं बोचकं सोडलं आणि आतली भांडी एकेक करून पुन्हा फळीवर लावायला लागली.

“आत्याबाई,” तिनं आतूनच विचारलं, “दुपारला कालवण कशाचं करू?”

बयाबाईनं ओट्यावरूनच सांगितलं, घेवड्याच्या शेंगा हायत, त्येच कर, आणि शेंगा निवडायला सूप पुढं ओढलं.