महानंदा आणि धनेशाची ढोली

महानंदाने एकतीस वर्षं विमानाचे सुटे भाग मोजले, पण अख्खं विमान तिच्या हाताखालून कधी गेलं नाही. बेंगळुरूतल्या एका कारखान्यात ती तपासणी खात्यात होती. समोर ट्रे यायचा. त्यातली एकेक बिजागरी, एकेक बोल्ट उचलून मायक्रोमीटरमध्ये धरायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. बरं ते उजवीकडे, वाया गेलेलं डावीकडे. संध्याकाळी घरी आली की आई, शालनबाई, विचारायची, "आज किती विमानं केलीस गं?" आणि महानंदा म्हणायची, "विमानं कुठली, खिळे."

वडील आप्पाजी गेल्यावर आईला तिने निपाणीहून आपल्याकडे आणलं होतं. लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोन्हीदा फिसकटलं, पुढे कुणी विषय काढला नाही. सर्जापूर रोडला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मायलेकी सतरा वर्षं राहिल्या. बाहेर सगळा कन्नडचा आणि हिंदीचा व्यवहार, दार लावलं की मराठी. आई गेली आणि घरातली मराठी एका दिवसात बंद पडली. निपाणीत थोरला भाऊ विश्वासराव होता, पण त्याचा फोन महिन्याकाठी एक, तोही दुकानातून, गिऱ्हाईक सांभाळत. वर्षभराने महानंदाच्या ध्यानात आलं की आपण आता मनातल्या मनातसुद्धा कन्नडमधून हिशेब करतो. भाजी कन्नडमधून, बस कन्नडमधून. त्या दिवशी ती जराशी घाबरली.

कॅमेरा हाती आला तो निवृत्तीनंतर. खात्यातले एक साहेब मुलाकडे परदेशी चालले होते, त्यांनी आपला जुना कॅमेरा आणि लांब भिंग तिला देऊन टाकलं. तिने आधी बाल्कनीतल्या कुंड्या टिपल्या, मग समोरच्या टाकीवरचे कावळे, आणि एका रविवारी दोन बस बदलून ती थेट देवनहळ्ळीकडे गेली. विमानतळाच्या कुंपणाबाहेर शेताच्या बांधावर सातआठ पोरं भिंगं रोखून उभी असतात. कुठलं विमान कुठून आलं, त्याचा नोंदणी क्रमांक काय, सगळं त्यांना तोंडपाठ. महानंदा त्यांच्यापासून वीस पावलं लांब उभी राहिली. विमान उतरायला खाली येतं तेव्हा पंखाची मागची पट्टी उघडते आणि तिच्या खालच्या बिजागऱ्या क्षणभर दिसतात. ती फक्त तेवढ्याचे फोटो काढायची. पोरांनी एकदा तिच्या पडद्यावर डोकावून पाहिलं आणि नम्रपणे सांगितलं की आंटी, विमान पूर्ण फ्रेममध्ये घ्या. तिने मान डोलावली. आपण काय पाहतोय ते तिने सांगितलं नाही. सांगायचं तर कारखान्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि पुढचं विमान तीन मिनिटांत येणार होतं.

हळूहळू तिच्या आठवड्याला आकार आला. रविवारी विमानं, बुधवारी हेसरघट्ट्याच्या माळावर पहाटेचं धुकं आणि घिरट्या घालणारे शिकारी पक्षी, बाकीचे दिवस घराजवळचं तळं. तळ्यावर फिरायला येणारी माणसं तिला तोंडओळखीने हसायची. कुणी नाव विचारलं नाही, तिनेही नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये तळ्याकडे जाताना एका मोकळ्या प्लॉटमधल्या जुन्या आंब्यावर तिला राखी धनेशाची जोडी दिसली. करड्या रंगाचा, वाकड्या चोचीचा, घारीएवढा पक्षी. झाडाच्या बुंध्यात पुरुषभर उंचीच्या वर एक ढोली होती. मादी आत शिरली आणि आतूनच विष्ठेने, चिखलाने तोंड लिंपत गेली. सतरा मार्चला ढोलीला फक्त बोटभर फट उरली. महानंदाने घरी येऊन वाचलं: मादी अंडी घालते, अंगावरची उडायची पिसं गाळते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत आतच राहते. तोवर नर बाहेरून भरवतो. सगळे मिळून ऐंशी दिवस, थोडे पुढेमागे.

तिने कारखान्यातली उरलेली एक कोरी वही काढली. तारीख, वेळ, नर कितीदा आला, काय आणलं. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते सहा. तो यायचा, फटीशी लटकायचा आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढून आत द्यायचा. कधी चौदा, कधी वीस. आतून फक्त चोचीचं टोक दिसायचं. सहाव्या दिवशी महानंदा अभावितपणे मराठीत बोलून गेली, "आज उशीर केलास रे." स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली. मग रोजच बोलू लागली, हळू, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून.

चोवीस मेला ती प्लॉटवर पोचली तेव्हा फाटक सताड उघडं होतं. आत एक छोटी क्रेन, दोन करवतयंत्रं आणि सहा माणसं. तिथे इमारत होणार होती. झाडं तोडायचा ठेका आनेकलकडच्या मंजुनाथ नावाच्या माणसाकडे होता, चाळिशीचा, कानांभोवती मफलर गुंडाळलेला, शर्टाच्या खिशात परवानगीचा कागद. त्याने तिला कन्नडमध्ये सांगितलं, "अक्का, स्वल्प बाजूला व्हा."

महानंदा बाजूला झाली नाही. ती त्याच्यासमोर गेली आणि कॅमेऱ्याचा पडदा पुढे धरला. एकेक फोटो सरकवत तिने त्याला फट दाखवली, उंबर दाखवलं, चोच दाखवली. तो म्हणाला की यंत्र सुरू झालं की पाखरं आपोआप उडतात, वीस वर्षं पाहतोय.

"नर उडेल," ती म्हणाली. "आतल्या बाईला पंखच नाहीत. पिसं गाळून, दार लिंपून बसलीय ती."

मंजुनाथने मान वर करून पाहिलं. झाडावर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक फट तेवढी. त्याने विचारलं, किती दिवस. तिने वही उघडली, बोटाने ओळी मोजल्या आणि सांगितलं की आज अडुसष्टावा, अजून बारा. तो वहीकडे बराच वेळ पाहत राहिला. आकडे त्याला वाचता येत होते. मग म्हणाला की प्लॉटच्या पलीकडच्या बाजूला सिल्व्हर ओकची रांग आहे, ती आधी घेतो, पण बारा जमणार नाहीत. तीन जूनला क्रेन दुसरीकडे जाणार. "दहा दिवस, अक्का. त्यापुढे माझ्या हातात नाही."

"सरी," बरं, महानंदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घरी जाऊन तिने दोनतीन कचेऱ्यांना फोन लावले. एकाने अर्ज करायला सांगितलं, दुसरीकडे फोन वाजत राहिला. फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर तिने सगळं लिहिलं. हात जोडल्याची चित्रं आली, रडक्या चेहऱ्यांची आली. शनिवारी येतो असं दोघं म्हणाले. शनिवारी कुणी आलं नाही.

ते दहा दिवस ती अंधार फिटायच्या आत प्लॉटवर असायची आणि माणसं निघून गेल्यावरच उठायची. दुपारच्या डब्याला ती एका ओंडक्यावर बसे. पलीकडे करवत चालायची आणि एकेक झाड आडवं व्हायचं. प्रत्येक वेळी जमीन हादरली की ती ढोलीकडे बघायची. अठ्ठावीस तारखेला नर सकाळभर आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. वहीतली ओळ कोरीच. महानंदाने हिशेब केला की आता तो मेला तर आतलं सगळं मरणार आणि ते फक्त आपल्याला कळणार. दुपारी एकच्या सुमारास तो क्रेनला वळसा घालून आला, रिकाम्या झालेल्या बाजूने चाचपडत, दोनदा झाड चुकून. त्याने नऊ उंबरं दिली. महानंदाने नऊ लिहिलं आणि पदराने डोळे पुसले.

एक जूनला सकाळी ढोलीच्या तोंडावरचा लेप आतून टोकरला जाऊ लागला. साडेनऊला मादी बाहेर पडली, मळकी, नव्या पिसांची, आणि फांदीवर बसून कितीतरी वेळ नुसतं अंग झाडत राहिली. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू निघालं आणि शेजारच्या शेवग्यावर जाऊन कसंबसं टेकलं. पण आत आणखी एक होतं. ते तोंड बाहेर काढायचं, बघायचं आणि परत आत जायचं.

तीन जूनला मंजुनाथने क्रेन आंब्याखाली आणून लावली. पिल्लू ढोलीच्या तोंडाशी बसलेलं त्यालाही दिसलं. तो माणसांना म्हणाला, आधी जेवून घ्या. अकरा वाजता जेवण कसलं, पण ती माणसं सावलीत डबे उघडून बसली. बारा झाले. साइटच्या इंजिनियरचा फोन आला, मंजुनाथ फाटकाबाहेर जाऊन बोलून आला. एक वाजला. समोर शेवग्यावरून आईबाप दोघं ओरडत होते, मादीच्या चोचीत फळ होतं, पण ती ढोलीकडे जात नव्हती. महानंदाचा एक डोळा भिंगाला आणि दुसरा मिटलेला. "ये बाळा," ती मराठीत म्हणाली, आणि या वेळी इतक्या मोठ्याने की सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी ते उडालं. उडालं म्हणजे पडलं, पडता पडता सावरलं, प्लॉटच्या भिंतीवरून गेलं आणि शेवग्यात घुसलं. महानंदाने सहा फोटो काढले. पाच हललेले, सहाव्यात पंखाचं टोक चौकटीबाहेर.

मंजुनाथने विचारलं, "आत आणखी?" तिने सांगितलं की नाही. तरी त्याने एकाला शिडी लावून वर चढवलं आणि टॉर्च मारून पाहायला लावलं. मग यंत्र सुरू झालं. आंबा दोन तासांत संपला. महानंदा शेवटपर्यंत उभी होती, कारण निघून जाणं तिला बरं वाटेना. जाताना मंजुनाथने तिचा नंबर मागितला, मुलीला दाखवायला तो सहावा फोटो हवा म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने आपणहून निपाणीला फोन लावला. विश्वासरावने प्रकृती विचारली, पाऊस विचारला. ती सांगू लागली, "दादा, इथे एक पक्षी होता," आणि तिला कळेना की ऐंशी दिवस कुठून सांगायचे. विश्वासराव म्हणाला, थांब हं, गिऱ्हाईक आलंय, मग करतो. ती थांबली. फोन परत आला तो पुढच्या महिन्यात, आणि तेव्हा विषय वेगळा होता.

धनेश त्यानंतर तिला दिसले नाहीत. एकदोनदा उंच इमारतींच्या मागून त्यांची कर्कश हाक आली, ती वळणावळणाने शोधत गेली, पण प्रत्येक गल्ली कुठल्या तरी बंद फाटकापाशी संपायची. रविवारी ती पुन्हा देवनहळ्ळीला जाऊ लागली. पोरं बदलली होती. नवी पोरं तिला नमस्कार करायची.

फेब्रुवारीत एका सकाळी मंजुनाथचा फोन आला. आनेकलच्या पुढे रस्त्याला लागून एक चिंच तोडायची होती आणि वर ढोली होती. "अक्का, येऊन बघता का? मला कळत नाही."

ती लगेच निघाली. बसने आनेकल, तिथून मंजुनाथच्या टेम्पोने. चिंच मोठी होती, ढोली खोल होती. महानंदा रस्त्याच्या कडेला दगडावर बसली, भिंग रोखलं आणि वही उघडून तारीख लिहिली. मंजुनाथची माणसं टेम्पोत पाय लांबवून पडली. दहा ते एक. ढोलीच्या कडेवर मुंग्यांची रांग होती, एक खार आली, डोकावली आणि गेली. पक्षी कुठलाच आला नाही. कडा कोरड्या होत्या, ओला लेप नाही, खाली विष्ठा नाही, फळाची बी नाही. हे तिला पहिल्या अर्ध्या तासातच कळलं होतं. तरी ती तीन तास बसली.

मंजुनाथने चहा आणून दिला आणि शेजारी उकिडवा बसला. तिने चहा संपवला, वहीत शून्य लिहिलं आणि त्याच्याकडे न पाहता सांगितलं, "रिकामी आहे. तोडा."