अण्णांना मी खुर्ची दिली

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. भूत, चकवा, करणी यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. उलट मीच लोकांना घाबरवतो! विश्रांतवाडीला आमच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर दूध आटत आलं की सगळे म्हणतात, "काका, होऊन जाऊ द्या एक." मग मी आवाज खाली आणतो, दिवा घालवायला लावतो... आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हमखास किंचाळतात. पोटापाण्याचा धंदाही तसलाच, लग्नामुंजीत माइक धरून सूत्रसंचालन आणि मधेमधे नकला. गच्चीवरच्या त्या सगळ्या गोष्टी मी रचलेल्या. ही रचलेली नाही. रचली असती तर शेवट तरी बरा केला असता.

माझी बायको मीना. तिला लहानपणापासून फिट यायची. माहेर लोणी काळभोर. तिचे वडील अण्णा म्हणजे ऊसवाले शेतकरी, धोतर, टोपी आणि माझ्याबद्दल पहिल्या दिवसापासून एकच मत... "ह्यो नाटक्या हाय." मी दारात दिसलो की आत वर्दी जायची, "मीने, तुझा नाटक्या आलाय!" जावयाचा मान असा आमचा.

पण मीनाला फिट आली की हा माणूस वेगळाच व्हायचा. झटके थांबून ती गाढ झोपी गेली की अण्णा खोलीचं दार लोटून एकटेच तिच्यापाशी बसायचे. शेतात पाणी सोडलेलं असो, ओट्यावर पाहुणे ताटकळत असोत, ती डोळे उघडून "अण्णा" म्हणेपर्यंत उठायचे नाहीत. "पोरीला जाग आली आन् कुणी दिसलं न्हाई तर घाबरंल," एवढंच बोलायचे. अण्णा गेले, आणि त्यानंतर तिला जाग आली की समोर मी. मी लगेच काहीतरी विनोद करायचो. ती कुशीवर वळायची.

औषधं बदलून झाली, वाढवून झाली. मागे एकदा पोळ्या करताना फिट आली आणि तिचा हात तापलेल्या तव्यावर पडला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचं बघू. आधी कवटीतून बारीक तारा आत सोडायच्या, फिट नेमकी कुठून सुरू होते ते शोधायचं, मग तेवढा भाग काढायचा. काढण्याआधी एकेका तारेतून अगदी किंचित करंट देऊन विचारायचं, काय होतंय? म्हणजे कामाचा भाग चुकून कापला जायला नको. पेशंट या वेळी चक्क जागा असतो! त्याच्याच जोडीला दवाखान्यातल्या एका तरुण मॅडमचा अभ्यास चालला होता... आनंद, भीती, दुःख हे मेंदूत करंट देऊन कुठे कुठे जागं होतं, त्याचा. तुमची संमती आहे का, असं त्यांनी मीनाला विचारलं. ती हो म्हणाली.

तारा बसवल्या. मीनाच्या डोक्याला हे एवढं बँडेज, त्यातून वायरींची शेपटी. मी म्हटलं, "अगं, जन्मभर लोकांच्या लग्नात फेटे मी बांधले, आणि शेमला तुला!" नाही हसली. मीना हल्ली हसायचीच नाही.

तपासणीच्या खोलीत एकच खुर्ची होती, ती मला मिळाली. तोंड बंद ठेवायच्या अटीवर. मला ओळखणाऱ्यांना या अटीचं गांभीर्य कळेल.

मॅडम बटण दाबायच्या आणि विचारायच्या. कधी कधी करंट न देता नुसतंच दाबायच्या, पेशंट मनानं काही रचत नाही ना ते पाहायला. एका तारेनं मीनाच्या बोटांना मुंग्या आल्या. एकीनं तिला उगाचच धस्स झालं. आणि मग एक तार अशी आली की... मीना हसली. तोंडभरून. लग्नाआधी हसायची तशी.

"काय वाटतंय, मीनाताई?"

"अण्णा आलेत."

"कुठे?"

"हे काय, दाराशी. टोपी हातात घेतलीय... दवाखाना आहे ना."

दाराशी अर्थातच कुणी नव्हतं. मॅडमनी करंट थांबवला. अण्णा गेले. नुसतं बटण दाबलं, काही नाही. खरं दाबलं, अण्णा आले. मॅडम माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे आम्हाला माहितीय, काका. या भागात करंट गेला की जवळ कुणीतरी आहे असं वाटतं. कोण, ते मेंदू ठरवतो."

"मग तिच्या मेंदूनं माझी निवड का नाही केली?"

"त्याला चॉइस असेल," मॅडम म्हणाल्या. अस्सल पुणेरी!

पुन्हा बटण. मीना म्हणाली, "अहो, अण्णा उभेच आहेत. कधीचे."

आता तुम्हीच सांगा. सासरे उभे आणि जावई खुर्चीत पसरलेला! मी काही विचार केला नाही हो. संस्कारच असे, की मी ताडकन उठलो, खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी सरकवली आणि म्हणालो, "बसा ना, अण्णा. उभे का?"

"काका, प्लीज!" मॅडम कडाडल्या. "तुम्ही तिच्या डोक्यात भरवताय! सगळं वाया गेलं."

"बसले," मीना म्हणाली. इतक्या समाधानानं की मला माझाच अभिमान वाटला.

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं. मग मीनाकडे. "मी करंट केव्हाच बंद केलाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्ची खोलीतून हद्दपार. मीही.

मग मोठ्या डॉक्टरांनी निकाल सांगितला. फिट जिथून सुरू होते ती जागा सापडली होती. ती तीच तार.

"म्हणजे अण्णा जिथे आहेत, तिथूनच?" मीनानं विचारलं.

डॉक्टर चाचरले. "तसं... म्हणा हवं तर."

काढू नका म्हणावं, तर तिचा भाजलेला हात समोर. काढा म्हणावं, तर ते हसू. मीनाच म्हणाली, "काढा. माझी फिट जावी, याशिवाय जन्मभर देवाकडे अण्णांनी दुसरं मागितलंय काय?"

ऑपरेशन उत्तम झालं. फिट बंद! पेढे वाटले मी. आणि मग एकदा अण्णांचा फोटो पुसताना मीना सहज म्हणाली, "ओळखते मी यांना. सगळं आठवतं. पण काही वाटत नाही हो. आधार कार्डावरचा फोटो बघावा तसं." सूर तक्रारीचा नव्हता. तक्रार करायलाही काहीतरी वाटावं लागतं. मी मॅडमना विचारलं, परत येईल का हे? त्या म्हणाल्या, "काढलेला भाग परत येत नाही, काका."

पुढे तपासणीला गेलो होतो. मीना आत, मी बाकावर. शेजारी डोक्याला टाके असलेला एक मुलगा. मूळचा अमरावतीचा, खराडीला कंपनीत नोकरी. त्यालाही फिटचा त्रास, त्याचंही तेच झालेलं, त्याच खोलीत. मी कशाला सोडतोय! "काय रे, करंट दिला की काय दिसलं? हिरॉइन?"

"कायची हिरॉइन, काका!" तो हसला. "एक म्हातारा दिसला. धोतरवाला. खुर्चीवर बसून होता. आता त्या रूममध्ये खुर्चीच नाही, तर हा बसला कशावर? अन् मला विचारते, 'पोरगी उठली का?' सेम क्वेश्चन, दर वेळी. म्हटलं, कोणती पोरगी बा?"

मी मनात वकिली केली, की वॉर्डभर ही गोष्ट मीच रंगवून सांगितलेली. याच्या कानावर गेली असणार. तेवढ्यात तो म्हणाला, "अन् ऐका ना, पूर्ण वेळ त्यानं माझा पायाचा अंगठा धरून ठेवला होता. घट्ट."

अंगठ्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. कारण मलाच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मीना मटार सोलत होती. मी विचारलं, "फिट आल्यावर अण्णा तुझ्याजवळ बसायचे, तेव्हा काय करायचे गं?"

"अंगठा धरून बसायचे पायाचा. मी हलले की कळावं म्हणून." एक शेंग मोडली. "का?"

"काही नाही."

तिला काय सांगू? की तुझा बाप तिथे बसलाय, मीच बसवलाय, आणि तुला जाग येऊन तू घरीसुद्धा आलीस हे त्याला कुणी कळवलेलं नाही?

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत गेलो. सिस्टर ओळखीच्या, खोली रिकामी होती, पाच मिनिटं सोडलं. पलंगाच्या पायथ्याशी नुसती फरशी. जन्मभर हजार माणसांसमोर बोललो, आता त्या फरशीसमोर. "अण्णा," मी म्हटलं, "ती उठली. बरी आहे. चला घरी." रिक्षात मी एका कडेला सरकून बसलो. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "अजून कुणी यायचंय का?" मी म्हटलं, "आले वाटतं. चला."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मॅडमकडे आहे, पण अंगठ्यापाशी येऊन त्याही थांबतात. घराचं दार मीनानं उघडलं. मी बाजूला झालो, मोठ्या माणसाला आधी आत जाऊ द्यावं तसा.

"असे काय उभे? कुणी आहे बरोबर?"

"तूच बघ."

तिनं माझ्या मागे पाहिलं. अगदी नीट, जिन्यापर्यंत.

"कुणी नाही. दार लावा, डास येतात."

मी दार लावलं. अण्णा आत आले होते की बाहेरच राहिले, ते मला अजून माहीत नाही.