तीन सर्व्हर आणि गुणवंतची रजा

गुणवंत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. अल नहदा, शारजा. मूळचा कराडचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्याचा डेटाबेस सांभाळतो. मी रुवैसच्या तेल कारखान्यात पाइप फिटर होतो, आता मुलाकडे असतो. माणूस किती काम करतो यापेक्षा कसं करतो ते मी बघतो. गुणवंत नीट करतो.

डेटाबेस बंद पडला की त्याला फोन यायचा आणि तो ताटावरून उठायचा. "सर्व्हर नाही काका, माझी सवत आहे ती," त्याची बायको छाया म्हणायची. "सवत तरी कधी माहेरी जाते."

गेल्या वर्षी कराडला त्याच्या आईला पक्षाघात झाला. धाकटी बहीण विद्युल्लता तिचं सगळं करत होती. आईला माणसं ओळखू येणं हळूहळू कमी होत चाललं होतं. ती ओळखते आहे तोवर महिनाभर जवळ बसावं, एवढंच गुणवंतला हवं होतं. त्याचा मॅनेजर झैद रजा द्यायला तयार होता. पण मागे डेटाबेस बघणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग त्याने काम काढलं. कारखान्यात तीन सर्व्हर. डेटाबेस त्यातल्या एकाच्या पोटात, सॉफ्टवेअरने केलेल्या कप्प्यात चाले. त्याला ते व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सुट्टीचे दिवस घालून त्याने तिन्ही सर्व्हर असे जोडले, की एक बंद पडला तर तो कप्पा आपोआप दुसऱ्यावर जाईल. कोणी हात लावायला नको.

"काका, आता मी नसलो तरी भागेल," तो म्हणाला. इतका खूश मी त्याला क्वचित पाहिला होता.

तिकीट काढून झालं आणि डेटाबेस विकणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला. त्या डेटाबेसचं लायसन्स प्रोसेसर मोजून घ्यावं लागतं. कारखान्याने एकाच सर्व्हरच्या प्रोसेसरचं घेतलं होतं. तपासनीस म्हणाला, आता तिन्ही सर्व्हर जोडलेत, तर तिन्हींचं लागेल.

"हबीबी, पहले ये खलास कर, फिर जा," झैद म्हणाला.

गुणवंतला ते थोडक्यातलं काम वाटलं. डेटाबेस बाकीच्या दोन सर्व्हरवर एकदाही गेला नव्हता. तेवढं दाखवलं की सुटलो. त्याने तिकीट पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं.

विद्युल्लताचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच चहा घेत होतो. "दादा, आज तिने मला 'बाई, तुम्ही कुणाच्या?' म्हणून विचारलं. तुझं नाव मात्र अजून घेते. ये रे."

"येतो गं. हे संपलं की निघालोच."

त्याने सगळा पुरावा मांडला. कुठे फट ठेवली नाही. तपासनीसाने शेवटपर्यंत वाचला.

"आप का काम एकदम साफ है," तो म्हणाला. "लेकिन वहाँ चला या नहीं, ये हम नहीं गिनते. चल सकता था, बस. एग्रीमेंट में वही लिखा है."

कारखान्याने उरलेलं लायसन्स घेतलं. झैद त्याला रागावला नाही, रजाही मोडली नाही. "यल्ला, अब माँ के पास जा," म्हणाला. गुणवंतने दुसऱ्या दिवशी रात्रीचं तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी सकाळीच आई गेली. बहिणीने फोनवर विचारलं, "अंत्यविधी उद्यापर्यंत थांबवू का?" गुणवंत म्हणाला, "नको. तिला ताटकळत ठेवू नकोस."

"मग आता धावपळ करू नकोस, दादा. सावकाश ये."

मी गेलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता. छाया भरलेल्या बॅगेतून आईसाठी घेतलेल्या वस्तू बाहेर काढत होती. मऊ मोजे, पाठीला लावायचं मलम. एक डबा निघाला. त्यात खजूर होते. आईला दात नव्हते, म्हणून गुणवंतने बसून सगळ्यांच्या बिया काढल्या होत्या. एकही खजूर चेचलेला नव्हता.

त्याने डब्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"वन्सं खातील," छाया म्हणाली, आणि डबा परत बॅगेत ठेवला.